मीठ, तीन आणे आणि सभागृहाबाहेरचा श्रोता

विधिमंडळातील विरोधी सभासद बोलावयास उभा राहतो तेव्हा मतमोजणीचा निकाल त्याला आधीच ठाऊक असतो. तो हरणार असतो. समोरच्या बाकांवरील मंडळींचे मन त्याच्या भाषणाने पालटेल अशी आशा तोही करीत नाही आणि ती मंडळीही तशी संधी देत नाहीत. मग तो बोलतो कोणासाठी? सभागृहाच्या भिंतीपलीकडे जो श्रोता आहे, ज्याला आत प्रवेश नाही आणि बहुधा आतली भाषाही कळत नाही, त्याच्यासाठी. त्या श्रोत्यापर्यंत आपले म्हणणे पोहोचवायचे कसे, हा प्रश्न आपल्या देशात कायदेमंडळाइतकाच जुना आहे. तो ज्यांनी आपापल्या परीने सोडविला त्यांत महाराष्ट्रातील माणसे बरीच पुढे होती. त्यांतील काहींचा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

आरंभ लोकमान्य टिळकांपासून केला पाहिजे. टिळकांना आपण 'केसरी'कार म्हणून ओळखतो, मंडालेचे बंदिवान म्हणून ओळखतो. पण १८९५ ते १८९७ या काळात ते मुंबई कायदेकौन्सिलचे निवडून आलेले सभासद होते, हे सहसा कोणी आठवीत नाही. कौन्सिलात त्यांनी फार काही गाजविले असे नाही. तेथे गाजविण्याजोगे फारसे नव्हतेच. १८९२ च्या कायद्याने सभासदांना प्रश्न विचारण्याची आणि अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा दिली होती. मात्र त्यावर मत देता येत नसे आणि उत्तर अपुरे वाटले तरी उपप्रश्न विचारता येत नसे. टिळकांनी आपले काम कौन्सिलाबाहेर केले. १८९६ साली पाऊस फसला, दुष्काळ पडला. दुष्काळात रयतेला काय सवलती द्यावयाच्या, सारा केव्हा तहकूब करावयाचा, कामे कोठे काढावयाची, याची सरकारने स्वतःच एक नियमावली करून ठेवली होती. ती इंग्रजीत होती आणि कचेरीच्या कपाटात होती. सार्वजनिक सभेने टिळकांच्या पुढाकाराने ती मराठीत आणून गावोगाव पोहोचविली. 'केसरी'ने शेतकऱ्याला सांगितले की, सारा माफ करून मागणे ही भीक नव्हे, तो सरकारच्याच नियमाने दिलेला हक्क आहे. तेव्हा घरातील किडूकमिडूक विकून सारा भरू नका.

यात राजद्रोह कोठे होता? सरकारचाच नियम सरकारच्याच प्रजेला तिच्या भाषेत वाचून दाखविला, एवढेच. परंतु सरकारला तेवढेच झोंबले. १८९७ साली मुंबई सरकारने सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली आणि सार्वजनिक प्रश्नांवर सरकारकडे लिहिण्याचा तिचा अधिकार संपल्याचे कळविले. कौन्सिलातील कोणत्याही भाषणाने सरकार इतके अस्वस्थ झाले नव्हते.

गोखल्यांची रीत अगदी निराळी. ना. गोपाळ कृष्ण गोखले १८९९ साली मुंबई कौन्सिलात गेले, आणि सर फिरोजशहा मेहता निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी वरिष्ठ कायदेकौन्सिलात निवडून आले. २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यास त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. अध्यक्षस्थानी स्वतः लॉर्ड कर्झन. सरकारी सभासदांचे बहुमत ठरलेले. अर्थसचिवांनी सुमारे सात कोटींची शिल्लक दाखविली होती आणि एकामागून एक सभासद त्यांचे अभिनंदन करीत होते. गोखल्यांनी या अभिनंदनात सामील होण्यास नम्रपणे पण स्पष्ट नकार दिला.

त्यांचा मुद्दा समजून घेण्यासारखा आहे. विलायतेत दरवर्षी पाठवावयाची रक्कम पौंडांत असे आणि रुपयाचा भाव घसरत चालल्यामुळे ती भरण्यास सरकारला अधिकाधिक रुपये लागत. त्या सबबीवर कर वाढविले गेले; १८८८ साली मिठावरील कर मणास दोन रुपयांवरून अडीच रुपयांवर नेला. पुढे रुपयाचा भाव तेरा पेन्सांच्या आसपासून सोळा पेन्सांवर स्थिर झाला. सरकारचा बोजा हलका झाला, पण वाढविलेले कर तसेच राहिले. शिल्लक आली ती येथून. मधल्या काळात दोन मोठे दुष्काळ आणि प्लेग होऊन गेले होते. गोखल्यांचे म्हणणे असे की, ही शिल्लक देशाच्या भरभराटीची खूण नसून लोकांकडून गरजेपेक्षा जास्त घेतल्याची खूण आहे. पुरावा म्हणून त्यांनी मीठ पुढे केले. लोकसंख्या वाढत असताना मिठाचा खप त्या मानाने वाढत नाही, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखविले. मीठ ही काही चैनीची वस्तू नव्हे. ते ज्या घरात हात राखून घालावे लागते त्या घरात आणखी काय काय कमी असेल, हे सांगण्यास अर्थशास्त्र लागत नाही. विनिमयदराची सारी गुंतागुंत त्यांनी एका चिमटीत आणून ठेवली होती.

पुढच्याच वर्षी, १९०३ साली, मिठावरील कर अडीच रुपयांवरून दोन रुपये झाला. १९०५ साली दीड. १९०७ साली एक. प्राप्तिकराची किमान मर्यादाही १९०३ साली पाचशेवरून हजार रुपयांवर गेली. हे सारे एकट्या गोखल्यांमुळे झाले असे आम्ही म्हणणार नाही. तिजोरीत पैसा होता आणि तो सोडणे सरकारला परवडत होते. पण ज्या कौन्सिलात एकही मत सरकारविरुद्ध मोजले जात नव्हते, तेथे हे घडले.

या भाषणामागे एक माणूस होता आणि त्याच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिण्याचा मोह आम्हाला आवरत नाही. गणेश व्यंकटेश जोशी हे शिक्षण खात्यातील मुख्याध्यापक. सोलापूरचे म्हणूनच ते ओळखले जात. न्यायमूर्ती रानड्यांच्या परिवारातले. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात शेतसारा, व्यापार, जमाखर्च यांवर त्यांनी जे निबंध लिहिले ते बिननावी, कारण ते सरकारी नोकर होते. गोखले अंदाजपत्रक हाती पडले की जोशींना लिहीत, आकडे मागवीत, शंका विचारीत, मसुदा दाखवीत. कलकत्त्याच्या दरबारी सभागृहात जे भाषण कर्झनसाहेबांनी ऐकले त्याची बैठक एका मास्तरांच्या टिपणवह्यांत होती. १९११ साली जोशी वारले आणि पुढल्या वर्षी त्यांचे लेख पुण्याच्या आर्यभूषण छापखान्याने एकत्र छापले. आज ते ग्रंथालयातही सहजी सापडत नाहीत. विरोधी सभासदाचे नाव होते. त्याला आकडे जुळवून देणारा मास्तर विस्मृतीत जातो.

आम्ही स्वतः राज्य शासनाच्या सेवेत आयुष्य घालविले, म्हणून या गोष्टीची दुसरी बाजूही आम्हाला ठाऊक आहे. विधानसभेचे अधिवेशन लागले की जिल्ह्याच्या कचेरीत प्रश्नांचे कागद येऊ लागत. तारांकित प्रश्नाचा कागद आला की बाकीची कामे बाजूला ठेवावी लागत. अमुक तालुक्यात भ्रष्टाचार बोकाळला आहे हे खरे काय, असा प्रश्न आला तर बाबू निर्धास्त असे. त्याचे उत्तर एका शब्दात देता येते. परंतु अमुक गावी किती हातपंप बसविले, त्यांपैकी अमुक तारखेस किती चालू होते, दुरुस्तीवर किती खर्च झाला आणि देयकावर सही कोणाची, असा प्रश्न आला की कचेरीत शांतता पसरे. मध्य प्रदेशात यावर एक रामबाण उत्तर असे, 'जानकारी एकत्रित की जा रही है', आणि इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांना ते अपरिचित नसेल. पण ते एकदाच देता येते. चिवट सभासद पुढच्या अधिवेशनात पुन्हा विचारी. आमच्या पाहण्यात असा प्रश्न विचारणारे अनेक आमदार आले. छापील उत्तर खिशात घालून त्या गावच्या चावडीवर ते वाचून दाखविणारे मात्र फार थोडे. ज्यांनी ते केले त्यांच्या गावचे हातपंप लवकर दुरुस्त होत, एवढे आम्ही अनुभवाने सांगू शकतो.

गोखल्यांची उणीव नेमकी या चावडीच्या ठिकाणी होती. ते इंग्रजीत बोलत, कलकत्त्यास बोलत. त्यांची भाषणे वर्तमानपत्रांतून सविस्तर येत, शिकलेला वर्ग ती आदराने वाची, विलायतेतही ती वाचली जात. ज्या घरातील मिठाविषयी ते बोलत होते त्या घरात मात्र ती पोहोचत नव्हती. गोखल्यांना याची जाणीव नव्हती असे नाही. १९०५ साली त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला, आणि पुढे 'ज्ञानप्रकाश' हे जुने मराठी पत्र त्या समाजाकडे आले. तरी त्यांचा पिंड सभागृहाचा राहिला. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले तेव्हा त्यांच्यापाशी एक भरभक्कम उदाहरण होते. वडोद्यास सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सर्व राज्यात शिक्षण सक्तीचे करून दाखविले होते. एका देशी संस्थानास जे जमते ते साम्राज्य सरकारास का जमू नये, या प्रश्नाला समोरून समर्पक उत्तर आले नाही. वडोद्याच्या आपल्या बांधवांना याचा अभिमान वाटावा. तरीही १९ मार्च १९१२ रोजी विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. ज्यांच्या मुलांसाठी ते होते त्या लोकांतून त्याच्या बाजूने मोठा आवाज उठला नाही, कारण बहुतेकांपर्यंत ते गेलेच नव्हते. टिळकांनी नियमावली गावात नेली आणि गोखल्यांनी जमाखर्च सभागृहात उघडा केला. ही दोन कामे एकाच हाताने झाली असती तर काय झाले असते, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. मिठाच्या बाबतीत तरी ती जोड पुढे मिळाली. १९२३ साली मिठाचा कर दुप्पट करण्याचा प्रस्ताव मध्यवर्ती विधानसभेने नाकारला, व्हाइसरॉयांनी तो आपल्या खास अधिकाराने लागू केला. आणि १९३० साली गोखल्यांना गुरू मानणाऱ्या गांधीजींनी तेच मीठ उचलले.

स्वातंत्र्यानंतर सभागृह आपले झाले, मत मोजले जाऊ लागले; विरोधकाची मूळ अडचण मात्र तशीच राहिली. काँग्रेसचे बहुमत इतके प्रचंड की १९४७ ते १९६३ या सोळा वर्षांत सरकारविरुद्ध अविश्वासाचा ठराव चर्चेस आला नाही. पहिला आला तो ऑगस्ट १९६३ मध्ये, आचार्य कृपलानींचा. चीन युद्धातील नामुष्कीनंतर झालेल्या पोटनिवडणुकांत कृपलानी अमरोह्याहून, मिनू मसानी राजकोटहून आणि डॉ. राममनोहर लोहिया फरूखाबादहून निवडून आले होते. त्याच तिसऱ्या लोकसभेत आमच्या इंदूरचे होमी दाजी हेही विरोधी बाकांवर होते. गिरणी कामगारांच्या बळावर १९६२ साली ते अपक्ष म्हणून निवडून गेले होते. ठराव ६२ विरुद्ध ३४७ मतांनी पडला. त्या चर्चेतील पुष्कळशी भाषणे आज कोणाला आठवत नाहीत. लोहियांचा एक आकडा मात्र राहिला.

२१ ऑगस्टच्या भाषणात लोहिया म्हणाले की, या देशातील सत्तावीस कोटी माणसे, म्हणजे शेकडा साठ लोक, रोज तीन आण्यांवर जगतात. आणि त्याच देशाच्या पंतप्रधानांवर रोज पंचवीस हजार रुपये खर्च होतात. पंडित नेहरूंनी हा आकडा नाकारला. दरडोई उत्पन्न रोजचे पंधरा आणे पडते, असे त्यांनी सांगितले. लोहियांचे उत्तर असे की, पंधरा आणे ही सरासरी आहे; तिच्यात कारखानदार आणि शेतमजूर एकाच तागडीत टाकले आहेत. त्यांना साऱ्या देशाची सरासरी नको होती, खालच्या साठ टक्क्यांचे काय ते हवे होते. वाद इतका पेटला की ६ सप्टेंबर १९६३ रोजी या एकाच आकड्यावर लोकसभेत चर्चा झाली, आणि सरकारपक्षाकडून साडेसात आण्यांचा आकडा पुढे आला. पंधराचे साडेसात झाले, हीच विरोधकाची कमाई.

येथे एक लहानशी गोष्ट ध्यानात घ्यावी. १ एप्रिल १९५७ पासून आपल्याकडे दशमान नाणी आली होती. सरकारी हिशेब नव्या पैशांत होत होते. तीन आणे म्हणजे जेमतेम एकोणीस नवे पैसे. लोहिया नव्या पैशांत बोलले असते तर ते कायद्याने बरोबर ठरले असते. पण बाजारात, चुलीपाशी, मजुरीच्या वाटपात माणूस अजून आण्यांत मोजत होता. लोहिया त्याच्या हिशेबात बोलले. शिवाय ते हिंदीत बोलले; अंक, टक्केवारी, नियोजनाची परिभाषा, सगळे हिंदीत. आणि बोलून थांबले नाहीत. पंतप्रधानांच्या खर्चावरची पुस्तिका त्यांनी सभागृहात जाण्यापूर्वीच लोकांत फिरविली होती. सभांतून, पक्षाच्या पत्रांतून 'तीन आणे' हा शब्द गावोगाव गेला. हैदराबादच्या मंडळींना ठाऊक असेल की, लोहियांचे 'मॅनकाइंड' हे इंग्रजी मासिक १९५६ पासून तेथूनच निघे आणि त्यांची लोकसभेतील भाषणेही पुढे तेथेच ग्रंथरूपाने छापली गेली.

आता लोहियांचा आकडा बरोबर होता काय? आमच्या मते साठ टक्क्यांसाठी तीन आणे हा आकडा फार कमी होता. १९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी दारिद्र्यावरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. १९६०-६१ च्या किमतींनी खेड्यात माणशी दरमहा १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये ही किमान गरज धरली, तर खेड्यांत सुमारे ४० टक्के आणि शहरांत सुमारे ५० टक्के लोक त्याखाली होते, असे त्यांनी दाखविले. दरमहा १५ रुपये म्हणजे रोजचे आठ आणे. ज्यांना आठ आणेही मिळत नव्हते असे लोक खेड्यांत शंभरांत चाळीस होते. नेहरूंचे पंधरा आणे या लोकांविषयी काहीच सांगत नव्हते, आणि लोहियांचे तीन आणे त्यांचे दैन्य फुगवून सांगत होते. गोखले असा आकडा कधी उच्चारते ना. त्यांचा एकही आकडा सरकारला खोडता येऊ नये यावर त्यांचा सारा भर असे. लोहियांनी ती जोखीम पत्करली. त्यांना जे साधले ते गोखल्यांना साधले नाही आणि गोखल्यांपाशी जी विश्वासार्हता होती ती लोहियांना सर्वांकडून कधी मिळाली नाही. आमचे झुकते माप गोखल्यांकडे आहे, हे लपविण्यात अर्थ नाही. दांडेकर आणि रथ ज्या संस्थेत काम करीत ती पुण्याची संस्था भारत सेवक समाजाने १९३० साली गोखल्यांच्याच नावाने काढलेली, हेही येथे नोंदवून ठेवावेसे वाटते.

लोहियांच्या शेजारी बसून दुसरा मार्ग चोखाळला तो मधू लिमये यांनी. पुण्याचा हा माणूस. गोव्याच्या सत्याग्रहात १९५५ साली पोर्तुगीजांनी त्यांना बारा वर्षांची शिक्षा दिली होती. १९६४ साली ते बिहारमधील मुंगेरहून लोकसभेवर गेले, पुढे बांक्याहून दोनदा. परप्रांतात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना हे नवल वाटू नये. पण तेथे त्यांचे ना नाते ना जात, आणि तरी मुंगेरच्या शेतकऱ्याने त्यांना आपला मानले. सभागृहाच्या कामकाजाचे नियम हे त्यांचे शस्त्र होते. कोणत्या नियमाखाली कोणत्या वेळी मुद्दा काढला तर सरकारला उत्तर देणे भागच पडते, हे त्यांच्याइतके क्वचितच कोणाला ठाऊक असेल. मंत्र्याच्या तोंडून एक वाक्य निघाले की दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्रात येई. लिमयांचे निम्मे काम तेथे होई.

सभागृहापासून वाचकापर्यंतचा हा रस्ता सुरक्षित केला होता तो १९५६ च्या एका कायद्याने. फिरोज गांधी यांनी खाजगी विधेयक म्हणून तो आणला होता. ते स्वतः काँग्रेसचे, पण विरोधकांना न साधलेले काम त्यांनी केले. संसदेतील कामकाजाचा खराखुरा वृत्तान्त हेतुतः द्वेष न ठेवता छापला तर वर्तमानपत्रावर खटला भरता येणार नाही, असे त्यात म्हटले होते. आणीबाणीत नेमका हाच कायदा रद्द केला गेला. सभागृह चालू होते, विरोधकांपैकी जे बाहेर होते ते बोलतही होते, पण त्यांचे बोलणे छापून येत नव्हते. लिमये तेव्हा मध्य प्रदेशातील तुरुंगात होते. १९७६ साली लोकसभेची मुदत वाढविली गेली तेव्हा, मतदारांनी दिलेली पाच वर्षे संपली, या कारणाने त्यांनी सदस्यत्वाचा राजीनामा दिला. त्यांच्याबरोबर जबलपूरच्या शरद यादवांनीही दिला. बोललेले बाहेर जात नसताना सभासद म्हणून राहण्यापेक्षा त्या राजीनाम्यानेच ते मुंगेर-बांक्याच्या लोकांशी अधिक बोलले, असे आम्हाला वाटते.

१९७७ साली नव्या लोकसभेने फिरोज गांधींचा कायदा पुन्हा केला आणि १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने त्या संरक्षणाला राज्यघटनेत स्थान मिळाले. २००६ साली लोकसभेची स्वतंत्र दूरदर्शन वाहिनी सुरू झाली. तेव्हापासून सभागृहाबाहेरच्या श्रोत्याला आत काय चालले आहे ते घरबसल्या दिसते. सभासदही ते जाणून बोलतात; भाषण समोरच्या मंत्र्याला उद्देशून कमी आणि कॅमेऱ्याला उद्देशून अधिक होते, आणि अर्ध्या मिनिटाचा तुकडा मोबाइलवर फिरला म्हणजे काम झाले असे मानले जाते. सप्टेंबर २०२० मध्ये साथीच्या कारणाने संसदेच्या पावसाळी अधिवेशनात प्रश्नोत्तरांचा तास वगळण्यात आला तेव्हा त्यावर थोडी ओरड झाली, ती लवकरच विरली. त्या अधिवेशनातही अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरे मंत्रालयांकडून येत होती. गावांची, रकमांची, तारखांची. ती संसदेच्या संकेतस्थळावर आजही कोणालाही वाचता येतात.